हिरव्या रकान्यातली माणसं

आमच्या घरात असं मत आहे, की माझ्यामुळे जी माणसं दारूतून सुटली ती उपचाराने नव्हे, माझ्या बोलण्याला कंटाळून सुटली. एवढं ऐकण्यापेक्षा सोडलेली बरी, असं त्यांनी ठरवलं असणार, असं आमचे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मी पूर्वी चिडायचे. आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, वेळच वेळ आहे, आणि शांतपणे विचार केला तर यात थोडं तथ्य असावं असं मलाही वाटायला लागलंय. बावीस वर्षं मी बुलढाण्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक होते. समुपदेशक म्हणजे ज्याने ऐकायचं असतं. मला नेमताना कोणाची तरी मोठीच चूक झाली होती.

या कामाबद्दल लोकांच्या डोक्यात काहीबाही असतं. लग्नाकार्यात कोणी ओळख करून दिली, की समोरची बाई हळूच कोपऱ्यात नेऊन विचारते, "चहात टाकायची काही पावडर असते का हो?" नसते. शरीरातून दारू उतरायला आठ-पंधरा दिवस लागतात. पहिले काही दिवस हातपाय थरथरतात, घाम फुटतो, कोणाला भिंतीवर मुंग्या दिसतात. त्याला डॉक्टर असतात, औषधं असतात. सुटलेली दारू सुटलेलीच ठेवायची, हे खरं काम, आणि ते वर्षानुवर्षं चालतं. त्यासाठी आमच्याकडे दर गुरुवारी बैठक असायची. प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या, मधे चहाची किटली. प्रत्येकाने आपला आठवडा सांगायचा, तल्लफ कधी आली आणि कशी परतवली ते सांगायचं, बाकीच्यांनी ऐकून घ्यायचं. कोणी कोणाला उपदेश करायचा नाही, असा नियम होता. तो मोडणारी बहुतेक गुरुवारी मीच असायचे.

माझं दुसरं कर्तृत्व म्हणजे माझं रजिस्टर. केंद्रातून घरी गेलेल्या माणसांना फोन करून हालहवाल विचारायची, हे आमच्या कामात येतं. पण साठ-सत्तर माणसांना रोज फोन कोण करणार? म्हणून मी तीन रकाने आखले. जो पुन्हा प्यायला लागला तो लाल रकान्यात. त्याला रोज फोन. ज्याला तल्लफ येते पण टिकून आहे तो पिवळ्यात, आठवड्यातून एक. आणि ज्याचं सगळं छान चाललंय तो हिरव्यात, महिन्यातून एक. रंगीत स्केचपेन मी स्वतःच्या पैशांनी आणले. एवढंच करून थांबले नाही, तर एका गुरुवारी फळ्यावर रंगीत खडूंनी ही सगळी पद्धत बैठकीत समजावून सांगितली. हिरव्यांसाठी टाळ्यासुद्धा वाजवायला लावल्या. पुढे कोरोनात सरकारने जिल्ह्यांना लाल, नारंगी, हिरवे रंग दिले तेव्हा मी घरात म्हणाले, बघा, ही कल्पना माझी होती. हे पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, मग हक्क सांग.

लॉकडाऊन लागलं आणि केंद्राला कुलूप लागलं. गुरुवारची बैठक बंद झाली. मी रजिस्टर घरी आणलं, डायनिंग टेबलावर ऑफिस थाटलं आणि कानात इअरफोन घालून मेथी निवडत समुपदेशन सुरू केलं. पहिले दोन आठवडे फार वाईट गेले. दुकानं एकाएकी बंद झाली होती, त्यामुळे जे रोज पिणारे होते त्यांना झटके यायला लागले, त्यांच्या बायका रडत फोन करायच्या. त्यांना सरकारी दवाखान्यात पोचवायची धावपळ मी मनापासून केली, ते श्रेय मी घेते. एक निवृत्त कारकून मात्र निराळेच निघाले. त्यांना केंद्राच्या लेटरहेडवर, शिक्क्यासह, दारू ही आपल्यासाठी अत्यावश्यक सेवा असल्याचा दाखला हवा होता. मसुदा त्यांनीच तयार केला होता, आणि खरं सांगते, मसुद्याची भाषा निर्दोष होती.

ती गडबड ओसरली आणि माझं रजिस्टर हळूहळू हिरवं व्हायला लागलं. जो तो म्हणे, ताई, बंद आहे. मी खूश. दारू मिळतच नाही म्हणून बंद आहे, हे कोणा पोरालाही कळलं असतं. मी मात्र आमच्या संचालकांना दोन पानी अहवाल पाठवला, त्यात 'दूरध्वनी समुपदेशनाचे उत्साहवर्धक परिणाम' असे शब्द वापरले.

त्या हिरव्यांमध्ये देऊळघाटचे भास्करभाऊ होते. पन्नाशीचे, भाजीपाला पिकवणारे. वांगी, मेथी, कोथिंबीर काढायची आणि बुलढाण्याच्या बाजारात आणून विकायची, हा त्यांचा धंदा. वीस वर्षं प्यायले. शेवटी त्यांची बायको मंदाताई मुलीला घेऊन खामगावला भावाकडे निघून गेली आणि कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागली. ती गेल्यावर भास्करभाऊ स्वतःच्या पायांनी आमच्याकडे आले. चौदा महिने झाले, थेंब नाही. एकही गुरुवार चुकवला नाही. मंदाताईने निरोप पाठवला होता, की मुलीची बारावी झाली की परत येते. परीक्षा झाली होती. फक्त लॉकडाऊन उठायचं राहिलं होतं. भास्करभाऊ घराला चुना लावून तयार होते.

एप्रिलच्या सुरुवातीला मी त्यांना महिन्याचा फोन केला. ते म्हणाले, बाजार बंद आहे, वांगी तोडतो आणि ढोरांना टाकतो. मळ्यात एकटाच आहे, गावात कोणी कोणाच्या दारात उभं राहू देत नाही, मोबाइलचा रिचार्ज आहे पण फोन करायला माणूस नाही. आणि मग म्हणाले, "ताई, करमत नाही हो. बैठक कधी सुरू होईन?" मी म्हटलं, सरकार म्हणेल तेव्हा. दारू घेतली का? नाही म्हणाले. मी म्हटलं, शाब्बास भास्करभाऊ, असेच राहा, आता पुढच्या महिन्यात बोलू. हिरवी खूण केली आणि फोन ठेवून दिला. मेथी करपायला आली होती.

आठ-दहा दिवसांनी दुपारी चारला त्यांचाच फोन आला.

"ताई, मी घेतली."

मला धक्का बसला, वाईटही वाटलं, पण त्याहून जास्त मला हुरूप आला, हे आज कबूल करते. इतके दिवस सगळे हिरवेच हिरवे, मला काही कामच उरलं नव्हतं. मी मेथी बाजूला सारली आणि बोलायला लागले. पाऊण तास बोलले. मेंदू, लिव्हर, इच्छाशक्ती, मुलीचं लग्न, काही सोडलं नाही. मग त्यांना लाल रकान्यात टाकलं आणि रोज चारला फोन ठरला.

आता मी हे सांगते ते नीट ऐका, कारण यातच माझ्या बावीस वर्षांच्या अनुभवाची शोभा आहे. पिणारा माणूस फोन लवकर उचलत नाही. तीनदा करावा लागतो, मग मुलगा उचलतो आणि बाबा बाहेर गेलेत म्हणतो. भास्करभाऊ रोज पहिल्या रिंगला उचलायचे. आवाज स्वच्छ. जीभ जड नाही. पण हे माझ्या लक्षात येणार कसं? त्यांनी हॅलो म्हटलं की मी सुरू व्हायचे. मधेच ते विचारायचे, ताई, आज काय केलं जेवायला? साहेबांचं गुडघ्याचं कसं आहे? तुमच्याकडे पाणी रोज येते का? मी रजिस्टरमध्ये लिहायचे, 'मूळ विषय टाळतात.' आठवडाभराने ते म्हणायचे, दोन दिवस झाले, घेतली नाही. मी म्हणायचे, झकास, आता आपण आठवड्याने बोलू. की दुसऱ्या दिवशी फोन हजर. ताई, परत घेतली. असं तीनदा झालं. मी लिहिलं, 'अत्यंत चिवट केस.'

आमचे मानसोपचाराचे डॉक्टर फोनवर सल्ला द्यायचे, त्यांच्यापुढे मी ही चिवट केस मोठ्या अभिमानाने मांडली. त्यांनी विचारलं, दारू आणतो कुठून? मी म्हटलं, नाल्यापलीकडे हातभट्टी आहे म्हणतात. रोज किती? मी म्हटलं, एक क्वार्टर. डॉक्टर म्हणाले, "ताई, हातभट्टी प्लॅस्टिकच्या पन्नीत मिळते. क्वार्टरच्या बाटलीत कधीपासून मिळायला लागली?" मी म्हटलं, सर, लॉकडाऊनमध्ये काहीही मिळतं. ते म्हणाले, त्याला झोप लागते का, जेवतो का, दिवसभर बोलायला कोण असतं, हे विचारून घ्या. मी हो म्हटलं. पण मनात म्हटलं, काल आलेला मुलगा मला शिकवतो. आणि नाही विचारलं.

त्याऐवजी मी भलतंच केलं. केंद्रात दाखल होताना प्रत्येकाकडून आम्ही लिहून घेतो, की पुन्हा प्यायलो तर घरच्यांना कळवायला माझी हरकत नाही. नियमच तसा आहे, आणि तो चांगला आहे. मी नियमाने वागणारी बाई. खामगावला मंदाताईला फोन लावला आणि सांगितलं, की भास्करभाऊ पुन्हा सुरू झालेत, महिना होत आला. मग ती म्हणाली, बरं झालं सांगतलं ताई, मी पोरीच्या पुस्तकांची पेटी भरून ठेवली होती. आणि फोन ठेवून दिला. मला त्या क्षणी आपण एका बाईला फसण्यापासून वाचवलं असंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी चारला भास्करभाऊंनी फोन उचलला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी फोन बंद लागला. मी रजिस्टर उघडून बसले. महिन्याभराच्या माझ्याच नोंदी वाचत होते. पहिल्या रिंगला उचलला. जेवणाचं विचारलं. गुडघ्याचं विचारलं. एप्रिलच्या नोंदीत हिरव्या खुणेपुढे मीच बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'करमत नाही म्हणतात.' मी ह्यांना म्हटलं, स्कूटीची किल्ली द्या.

नाक्यावर पोलिसाने अडवलं. मी व्यसनमुक्ती केंद्राचा पास दाखवला. तो वाचत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, दारूच बंद आहे तं तुम्ही सोडवाले काय चालल्या?" मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला उत्तर दिलं नाही. त्याला माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, त्याने बॅरिकेड सरकवलं.

देऊळघाटला मळ्याच्या बांधावर शेजारचे एक म्हातारबा बसले होते. त्यांना विचारलं, भास्करभाऊंचं पिणं किती वाढलंय? ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, कोण, भास्कर? त्याने तर दीड वरीस झालं, दारूचं नाव काढलं नाही. पण तीन रोजापासून चूल पेटली नाही त्याची, भाकर पाठवली तर तशीच वापस आली.

भास्करभाऊ मळ्यातल्या घरात बाजेवर बसून होते. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. मला पाहून उठले, बाज बाहेर काढली आणि स्वतः सहा फुटांवर जमिनीवर बसले. त्या अवस्थेतसुद्धा अंतराचा नियम पाळला. मी विचारलं, भास्करभाऊ, एकदा तरी घेतली का? त्यांनी मान हलवली. नाही.

"मग काऊन सांगितलं हो असं?" माझ्या तोंडून घरची बोली निघाली.

"तुमच्या रजिस्टरात हिरव्या माणसाले महिन्यातून एक फोन येते, ताई. लाल माणसाले रोज येते. तुमीच सांगतलं व्हतं फळ्यावर."

"अहो, मग सरळ सांगायचं, की करमत नाही, रोज फोन करा."

"सांगतलं व्हतं. तुमी शाब्बास म्हनून ठेवून देला."

त्यांनी पुढे सांगितलं ते सगळं मी मधे न बोलता ऐकलं. पहाटे उठायचं, वांगी तोडायची, ढोरांना टाकायची, मग दिवसभर चार वाजायची वाट बघायची. फोन आला की माझी बडबड ऐकत बसायचं. काय बोलते त्याच्याशी त्यांना घेणं नव्हतं. घरात बाई बोलल्याचा आवाज येते, तेवढंच बरं वाटे, असं म्हणाले. मग मंदाताईचा फोन आला. तिने एवढंच सांगितलं, की आता आम्ही येत नाही. त्यांनी खरं सांगायचा प्रयत्न केला, पण ती सोडून जाईपर्यंत ते रोज हेच तर सांगायचे, की मी घेतली नाही. कोण मानणार?

आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात, की मनात शंका आली तर आडून विचारू नये. सरळ विचारावं. विचारल्याने कोणाचं वाईट होत नाही, उलट माणूस मोकळा होतो. मी विचारलं, भास्करभाऊ, जीव द्यावा असं वाटलं का? ते जमिनीकडे बघत म्हणाले, "हाव. कालपासून तेच चालू हाय डोक्यात." आणि मग ओंजळीत तोंड घालून रडायला लागले. मीही रडले. मास्क ओला झाला, तो तसाच घालून बसले.

तिथूनच मी डॉक्टरांना फोन लावला आणि फोन भास्करभाऊंच्या हातात दिला. डॉक्टर अर्धा तास त्यांच्याशी बोलले. बोलले म्हणजे विचारत होते आणि ऐकत होते. मी लांबून बघत होते. औषध लिहून दिलं, ते मी संध्याकाळच्या आत पोचवलं. म्हातारबांनी आपला नातू मळ्यात झोपायला पाठवतो म्हणून सांगितलं, आणि त्यांच्या सुनेने समोर बसून भास्करभाऊंना भाकरी खायला लावली.

राहिली मंदाताई. तिला फोन लावला. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. माझी चूक झाली म्हटलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, पेणारा मानूस खोटं बोलते, हे तुमीच मले शिकवलं."

"ते पीत नव्हते, मंदाताई. पितो हे खोटं होतं."

तिने पलीकडे कोणाला तरी टीव्ही बारीक करायला सांगितलं.

"वीस वरसं तो मानूस पेऊन आला आन् पेलो नाही म्हने," ती म्हणाली. "आता न पेता पेलो म्हनते. कोनी फोन करावा म्हनून?"

मी हो म्हटलं. त्यावर ती एवढंच म्हणाली, की विचार करून सांगते. मी आणखी काही बोलणार होते. ती म्हणाली, "आता तुमी नका बोलू ताई."

त्याच संध्याकाळी मी रजिस्टर घेऊन हिरव्या रकान्यातल्या एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. या वेळी दारूचं विचारलं नाही. जेवलात का, झोप येते का, दिवसभर बोलता कोणाशी, एवढंच. मेहकरच्या एका टेलर मास्तरांचा फोन त्यांच्या बायकोने उचलला. मास्तर जाऊन बारा दिवस झाले होते. आजार काही नव्हता म्हणाली. दुकान बंद झालं, बोलणं बंद झालं, मग जेवण बंद झालं. "पण ताई, दारूले शिवले नाहीत हो शेवटपर्यंत," असं तिने मला मुद्दाम सांगितलं, मला बरं वाटावं म्हणून. त्यांच्या नावापुढे माझी हिरवी खूण तशीच होती. त्यांना मी एप्रिलमध्ये शाब्बास म्हटलं होतं. हे मात्र हसण्यावारी नेता येत नाही, आणि नेऊही नये.

ते रंग मी त्या दिवशी बंद केले. पुढे केंद्र उघडल्यावर आम्ही पद्धत बदलली. जो टिकून आहे त्यालाही आठवड्याला फोन, आणि फोन करणारा समोरच्यापेक्षा कमी बोलेल असा नियम. नियम डॉक्टरांनी सुचवला. सूचना सगळ्यांना होती, पण बघत ते माझ्याकडे होते.

देऊळघाटहून आल्यावर पुढचे पाच दिवस मी भास्करभाऊंना रोज चारला फोन केला आणि जिभेला आवर घालून ऐकलं. ढोरांची नावं मला पाठ झाली. खामगावहून काहीच कळलं नव्हतं, आणि मी विचारायची हिंमत केली नाही. त्यांनीही तिचं नाव काढलं नाही. औषध घेत होते, थोडं खात होते, पण आवाजात जीव नव्हता.

सहाव्या दिवशी चारला फोन लावला, तर व्यस्त. मला वाटलं, कोणी तरी चुकून लावला असेल. सव्वाचारला लावला, व्यस्त. मी भलभलत्या शंका काढल्या. शेवटी म्हातारबांना फोन करून म्हटलं, जरा मळ्यात जाऊन बघता का? ते गेले, आणि धापा टाकत परत फोन केला. म्हणाले, बरा हाय तो, बांधावर बसून फोनवर बोलू राह्यला, मले हातानंच जा म्हने.

कोणाशी बोलतात, मी विचारलं.

"बाईशी दिसते. तो काही बोलतच नाही. नुसता हाव, हाव करू राह्यला."

साडेचारला लावला, व्यस्त. पावणेपाचला लावला, व्यस्त. खरं सांगते, इतके दिवस चारची वेळ माझी होती, म्हणून मला थोडा रागच आला. मग मी फोन टेबलावर उपडा ठेवला आणि एकटीच रडत बसले.